मेजाखालची जागा



ह्या रविवारचे शुभवर्तमान (मत्तय १५:२१-२८) ऐकताना आपल्यापैकी पुष्कळांना अवघडल्यासारखे होते. प्रभू येशू सोर आणि सीदोनच्या भागात गेले आहेत. तेथील एक कनानी बाई आपल्या आजारी मुलीसाठी गयावया करीत मागे येते. बाई परक्या जातीची, परक्या देवाची. प्रभू आधी काहीच बोलत नाहीत. शिष्यांना तर तिचा आवाजही नकोसा झाला आहे. हिला एकदाची वाटेला लावा, असे त्यांचे म्हणणे. मग प्रभू बोलतात आणि ते बोलणे कानाला खटकते. मुलांच्या ताटातली भाकर उचलून कुत्र्यांना घालू नये, अशा अर्थाचे ते बोलतात.

परक्या माणसाला कुत्रा म्हणायचे? तेही प्रभूंनी? दर तीन वर्षांनी हे वाचन आले की मिस्सेनंतर कोणीतरी हा प्रश्न विचारतोच, आणि तो विचारावा असाच आहे.

त्या काळच्या यहुदी माणसाला कुत्रा म्हटले की काय आठवत असे, ते पवित्र शास्त्रातच दिसते. नाबोथाचा मळा बळकावणाऱ्या अहाब राजाचे रक्त कुत्र्यांनी चाटले. स्तोत्रकार आपल्या वैऱ्यांना रात्री नगराभोवती गुरगुरत फिरणाऱ्या कुत्र्यांची उपमा देतो. शौल राजाचा लंगडा नातू मफीबोशेथ दावीदापुढे लोटांगण घालतो आणि स्वतःला मेलेले कुत्रे म्हणवून घेतो. म्हणजे उकिरड्यावरचे, वेशीबाहेरचे, कोणाचेच नसलेले जनावर. परंतु ह्या प्रसंगी मत्तयाने लिहिलेला ग्रीक शब्द तो नाही. रस्त्यावरच्या कुत्र्यासाठी ग्रीक भाषेत कुऑन हा शब्द आहे. येथे आहे कुनारिऑन, म्हणजे लहानसे कुत्रे, घरात पायांत घुटमळणारे. त्या कठोर वाक्यात एवढी एक फट आहे. बाई हुशार, तिला ती फट बरोबर सापडते. ती अपमान परतवत नाही, रागावून निघूनही जात नाही. धन्याच्या मेजावरून जे चुरे पडतात ते ह्या कुत्र्यांनाही मिळतातच ना, असे ती विचारते. बघा, तिने काय केले. वेशीबाहेरच्या कुत्र्याला उचलले, घरात आणले आणि मेजाखाली बसविले. एकदा ते मेजाखाली बसले की त्या घरचे झाले. मग त्याला घालायचे की नाही, हा प्रश्न उरतच नाही. प्रभू तिच्या श्रद्धेला मोठी म्हणतात, आणि मुलगी बरी होते.

म्हणून ह्या आठवड्यात आम्ही कुत्र्याविषयीच लिहायचे ठरविले आहे. हसू नका. टाकून दिलेले एक कुत्रे घरी आणून त्याला आपले म्हणणे ही गोष्ट दिसते तेवढी लहान नाही. ज्यांनी ती केली आहे त्यांना विचारा.

मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय १८८३ सालापासून आहे. तेथे जखमी, बेवारशी कुत्री येतात, आणि एखादा भला माणूस येऊन त्यांतले एखादे घरीही नेतो. आपल्या परभणी जिल्ह्यात बेवारशी कुत्र्याचा निवारा म्हणजे एसटी स्टँडमागची जागा, मटणाच्या दुकानासमोरचा रस्ता, मोंढ्यातले रिकामे शेड. कुत्री व्याली की पिल्लांतले नर कोणीतरी मागून नेतो. माद्या पोत्यात घालून ओढ्याकाठी सोडल्या जातात. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी कुटुंबे घराला कुलूप लावतात आणि मागे म्हातारी माणसे व कुत्री राहतात. अलीकडे आणखी एक प्रकार पाहायला मिळतो. मुलाच्या हट्टापायी हजारो रुपये मोजून जातिवंत पिल्लू आणायचे, वर्षभर त्याचे फोटो काढायचे, आणि कातडीचा रोग होऊन केस झडू लागले की गाडीत घालून दूर सोडून यायचे. ते बिचारे गाडीमागे धावते. त्याला वाटत असावे, काहीतरी चुकले आहे, आता गाडी थांबेल.

नामदेव महाराजांची कथा आपल्या भागातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले. त्यांचे नर्सी गाव १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते. कथा सर्वांना आवडते, आम्हांलाही आवडते. पण आम्हां कॅथलिकांच्या किती दारांत मे महिन्यात कुत्र्यासाठी पाण्याचे भांडे असते? शेजाऱ्यांचे शेजारी पाहून घेतील.

तरीही काही घरांनी अशी कुत्री आणली आहेत. आपल्या धर्मग्रामातही अशी घरे आहेत. नावे छापलेली त्यांना आवडणार नाहीत. त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट ध्यानात येते. दया कशी आली ते ती माणसे दोन वाक्यांत सांगून मोकळी होतात. पावसात कुडकुडत होते, आणले. मग जे सांगत बसतात ते पुढच्या महिन्यांविषयी असते. मार खाल्लेले कुत्रे घरात आले म्हणून लगेच शेपूट हलवीत नाही. ते पलंगाखाली शिरते, जिन्याखाली शिरते, पाण्याच्या टाकीमागे शिरते. माणूस समोर असेपर्यंत अन्नाला तोंड लावीत नाही. घर झोपले की हळूच येऊन खाते. बाईने केर काढायला केरसुणी उचलली तरी ते अंग चोरून जमिनीला चिकटते. गळ्यात कधीकाळी तार रुतली असेल तर पट्टा नुसता दाखविला तरी तिथेच मुतते. गोचिड्या, जंत, खरूज हे तर ठरलेलेच. परभणीला पशुवैद्यक महाविद्यालय आहे म्हणून उपचाराची सोय तरी आहे. पण सोनपेठ-पालमच्या एखाद्या खेड्यातून खरजेने भरलेले कुत्रे तेथवर न्यायचे म्हणजे आधी रिक्षावाल्याची मनधरणी करावी लागते. दोन महिने जातात. कधी सहा जातात. घरातले कोणीतरी म्हणते, कशाला ही ब्याद आणली? आणि मग एखाद्या दुपारी, काही कारण नसताना, ते येऊन पायावर हनुवटी टेकते. हा दिवस ती माणसे विसरत नाहीत. तेव्हापासून ते आपले झाले, असे सांगतात. आम्ही म्हणतो, तेव्हापासून ती माणसे त्याची झाली. त्याने बराच विचार करून त्यांना पसंत केले.

आता वर आलेल्या त्या मफीबोशेथाचे पुढे काय झाले ते पाहा (२ शमुवेल ९). दोन्ही पायांनी अधू, पडलेल्या राजघराण्याचा उरलेला वारस. नवा राजा अशाला ठार मारतो, ही त्या काळची रीत. दावीद मात्र त्याच्या आजोबाची जमीन त्याला परत देतो आणि सांगतो, की ह्याने ह्यापुढे माझ्याच पंक्तीला जेवायचे. एक दिवस नव्हे, कायम. दावीदाच्या ह्या वागण्याला जुन्या करारात हेसेद असा हिब्रू शब्द आहे. आपण त्याचे भाषांतर दया असे करतो, परंतु त्यात निष्ठाही आहे: एकदा धरलेले न सोडणे. दया येते आणि जाते. रस्त्यावर आपल्याला ती रोज येते आणि पुढच्या चौकापर्यंत गेलेलीही असते. हेसेद उद्याही असते, परवा कुत्र्याने चप्पल फाडली तेव्हाही असते, आणि दहा वर्षांनी ते आंधळे होऊन भिंतींना धडकू लागते तेव्हाही.

मफीबोशेथाला मेजावर जागा मिळाली, कनानी बाईने मेजाखालची मागितली. दोघांनीही स्वतःसाठी कुत्र्याचेच नाव पत्करले होते.

आपल्या महाराष्ट्रातले एक उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. मुंबईत फोर्टमध्ये बॉम्बे हाऊस ही टाटा समूहाच्या मुख्य कचेरीची १९२४ सालची इमारत आहे. २०१८ साली तिचे नूतनीकरण झाले तेव्हा तळमजल्यावर रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी वेगळी खोली ठेवली गेली. त्यांतल्या एका कुत्र्याचे नाव गोवा. त्याची हकीकत रतन टाटांनी स्वतःच सांगितली होती. गोव्यात हे बेवारशी पिल्लू त्यांच्या एका सहकाऱ्याच्या गाडीत चढले आणि थेट बॉम्बे हाऊसपर्यंत आले, म्हणून नाव गोवा. विकत आणलेले नाही, जातीचे प्रमाणपत्र नाही. ते टाटांचे कचेरीतले सोबती झाले. मोठमोठ्या बैठका होणाऱ्या त्या इमारतीत ते निवांत लोळत असे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी टाटा वारले. दुसऱ्या दिवशी नरिमन पॉइंटला एनसीपीएच्या आवारात त्यांचे अंत्यदर्शन होते. मंत्री आले, उद्योगपती आले, आणि गोवालाही आणले गेले.

येथपर्यंतचे सर्वांनी टीव्हीवर पाहिले. पण आम्हांला त्यानंतरची गोष्ट अधिक सांगावीशी वाटते. काही दिवसांतच मोबाईलवर एक संदेश फिरू लागला: मालकाच्या विरहाने गोवानेही तीन दिवसांत प्राण सोडले. हात जोडलेली चित्रे, रडणारी चित्रे, सगळे आले. आपल्या धर्मग्रामाच्या गटावरही तो आला होता, हे आपल्याला आठवत असेल. तो खोटा होता. मुंबईतल्या एका पोलीस अधिकाऱ्याने चौकशी केली, तर गोवा सुखरूप असल्याचे कळले. आता विचार करा, हा संदेश कोणाला का रचावासा वाटला आणि लाखोंना तो पुढे का पाठवावासा वाटला? आम्हांला वाटते, मालकासाठी मेलेले कुत्रे आपल्याला फार आवडते. ते डोळ्यांत पाणी आणते आणि काही मागत नाही. मालक गेल्यावर मागे राहिलेले जिवंत कुत्रे मात्र सकाळी फिरायला न्यावे लागते. त्याला जेवण लागते, वर्षाची लस लागते, नवा माणूस लागतो. कथेतल्या निष्ठेचे आपण कौतुक करतो. ती निष्ठा कुत्र्याने दाखवावी अशी आपली अपेक्षा असते. आपल्या बाजूच्या निष्ठेविषयी संदेश फिरत नाहीत.

माणसाची ही बाजू किती जुनी आहे, ह्याचा एक पुरावा जर्मनीत सापडला आहे. बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली दगडाच्या खाणीत एक दफन उघडे पडले. एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्याबरोबर एक कुत्रे. वय सुमारे १४,००० वर्षे. तेव्हा शेती नव्हती, गाव नव्हते, माणूस शिकारीवर जगत होता. अलीकडे, २०१८ साली, संशोधकांनी त्या कुत्र्याचे दात पुन्हा तपासले. ते जेमतेम सात महिन्यांचे पिल्लू होते आणि त्याला डिस्टेंपर झाला होता. आपल्याकडेही ह्या रोगाने पिल्ले मरतात. हगवण, ओकाऱ्या, मग झटके. दातांवरच्या खुणांवरून दिसते, की ते पिल्लू ह्या दुखण्यातून एकदा नव्हे, अनेक आठवडे तगून राहिले होते, आणि कोणी पाणी पाजल्याशिवाय, ऊब दिल्याशिवाय, घाण पुसल्याशिवाय ते तगणे शक्य नव्हते. हे पिल्लू शिकारीच्या कामाचे नव्हते, राखणीच्याही नव्हते. पोटापाण्याचा हिशेब धरला तर ते नुकसानच होते. तरी कोणीतरी बर्फाळ थंडीत रात्री त्याच्यासाठी उठत होते. तेव्हा आब्राहाम जन्माला यायचा होता, मोशेच्या पाट्या लिहायच्या होत्या. देवाने माणसाला आपल्या प्रतिरूपात घडविले असे आपण मानतो. त्या प्रतिरूपाची एक खूण आम्हांला त्या सात महिन्यांच्या दातांत दिसते.

येथे आपल्यातला कोणी म्हणेल, फादर, माणसे उपाशी आहेत आणि तुम्ही कुत्र्यांचे काय घेऊन बसलात? हा आक्षेप हलका नाही. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात दोन्ही बाजू शेजारी शेजारी मांडल्या आहेत. प्राणी देवाचे आहेत, देव त्यांना सांभाळतो, म्हणून आपणही त्यांच्याशी ममतेने वागणे लागतो. विनाकारण त्यांचे हाल करणे माणसाला न शोभणारे आहे. आणि त्याचबरोबर, जो पैसा गरजू माणसावर आधी खर्च व्हायला हवा तो जनावरांवर उधळणेही शोभणारे नाही. पोप फ्रान्सिस ५ जानेवारी २०२२ रोजी संत जोसेफविषयी बोलताना म्हणाले होते, की काही जोडपी मुले नको म्हणतात आणि त्या जागी कुत्री-मांजरी ठेवतात. त्यावर जगभर टीका झाली. परंतु त्याच भाषणात त्यांनी निराधार मुलांना दत्तक घेणाऱ्यांचे फार मनापासून कौतुक केले होते, ते कोणी वाचले नाही. आमचेही मत असे, की दत्तक हा शब्द मुलांसाठी राखून ठेवावा. कुत्र्याला सांभाळणे म्हणा, पाळणे म्हणा. ते शब्द पुरेसे मोठे आहेत. वाढदिवसाला कुत्र्यासाठी केक कापणारा माणूस घरात भांडी घासणाऱ्या बाईचा पगार दोन महिने थकवीत असेल, तर त्याच्या घरी कुत्रे सुखी आहे एवढेच म्हणता येईल.

पण उलटा प्रकार आम्ही कधी पाहिलेला नाही. दारातले खरजुले कुत्रे काठीने हाकलणारा माणूस त्यातून वाचलेली दया घेऊन गरिबाकडे गेला, असे घडत नाही. संत थॉमस अक्वायनसने सातशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवले आहे, की जनावराशी क्रूरपणे वागणाऱ्याचा हात माणसावरही सहज उठतो. लूकच्या शुभवर्तमानातील श्रीमंत माणूस आणि लाजरस आठवा. श्रीमंताच्या दारात लाजरस फोडांनी भरलेला पडून आहे. घरातून कोणी त्याच्याकडे येत नाही. येतात ती कुत्री, आणि त्याचे फोड चाटतात. काही भाष्यकार म्हणतात, हे त्याच्या हालांचे आणखी एक वर्णन. असेल. पण त्या गोष्टीत लाजरसाला स्पर्श करणारे दुसरे कोणीही नाही, हेही खरे.

तत्त्वज्ञानाच्या अभ्यासात आमच्या वाचनात एक हकीकत आली होती, ती येथे बसते. इमॅन्युएल लेव्हिनास हे फ्रान्सचे यहुदी तत्त्वज्ञ दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे युद्धकैदी झाले. हॅनोव्हरजवळच्या छावणीत सत्तर यहुदी कैद्यांच्या तुकडीत ते लाकूडतोडीला जात. (त्यांच्या पत्नीला व मुलीला त्या काळात फ्रान्समधील धर्मभगिनींच्या मठाने आसरा दिला होता.) वाटेत दिसणारी गावची माणसे, बायका, पोरे ह्या कैद्यांकडे पाहत, पण त्यांच्या नजरेत आपण माणसे उरलो नव्हतो, असे ते लिहितात. मग कोठूनतरी एक भटके कुत्रे छावणीत आले. कैद्यांनी त्याचे नाव बॉबी ठेवले. सकाळी कैदी कामाला निघाले की ते हजर. संध्याकाळी परतले की उड्या मारीत, भुंकत स्वागताला. बॉबीच्या मनात काही शंका नव्हती: ही माणसेच होती. काही आठवड्यांनी पहारेकऱ्यांनी त्याला हाकलून दिले. लेव्हिनासनी हे १९७५ साली लिहिले, म्हणजे तीस वर्षांनंतरही ते कुत्रे त्यांच्या मनातून गेले नव्हते.

आपल्यातही अशी माणसे आहेत, ज्यांच्याकडे लोक पाहतात आणि ती दिसत नाहीत. मुले पुण्याला, म्हातारा एकटा. नवरा गेलेली बाई. दारूने घरातून उठलेला भाऊ. त्यांच्या दाराशी संध्याकाळी कोणीतरी उड्या मारीत असेल, तर त्याला नुसते कुत्रे म्हणताना जरा विचार करावा. आम्ही रोग्यांना ख्रिस्तप्रसाद द्यायला घरोघरी जातो तेव्हा पाहतो: ज्या म्हाताऱ्याला कुत्र्यासाठी उठावे लागते, तो उठतो.

आता काही व्यवहाराचे. भटक्या कुत्र्यांची भीती खोटी नाही. ज्या आईचे लेकरू चावले गेले तिला भूतदयेवर प्रवचन देऊ नये. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अलीकडच्या पाहणीनुसार आपल्या देशात रेबीजने वर्षाला सुमारे ५,७०० माणसे दगावतात, आणि हा रोग एकदा दिसू लागला की औषध नाही. कुत्रे चावले तर तिखट, चुना, हळद काही लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवा, लगेच सरकारी दवाखाना गाठा आणि लशीच्या सगळ्या मात्रा ठरल्या दिवशी घ्या. दोन घेऊन बरे वाटते म्हणून थांबू नका. आणलेल्या कुत्र्याला रेबीजची लस द्या, दरवर्षी द्या, आणि त्याची नसबंदी करून घ्या. नाहीतर एका कुत्रीला घरात घेऊन तिची सहा पिल्ले पुन्हा ओढ्याकाठी, हे काही सांभाळणे नव्हे.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीतल्या कुत्र्यांवरून सर्वोच्च न्यायालयात जो वाद झाला त्याच्या बातम्या आपण वाचल्या. आधी सगळी कुत्री निवाऱ्यात कोंडायचा आदेश निघाला, मग २२ ऑगस्टला तो बदलला. ह्या दुसऱ्या आदेशात एक कलम होते, ज्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. ज्याला रस्त्यावरचे कुत्रे घरी न्यायचे आहे त्याने नगरपालिकेकडे अर्ज करावा. कुत्रे त्याच्या नावावर होईल. आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्याची. न्यायालयाच्या रुक्ष भाषेत ते हेसेदच आहे. आणायच्या आधी घरात बसून विचार करा. कुत्रे बारा-चौदा वर्षे जगते. मुलगी दहावीला असताना आणलेले कुत्रे तिच्या लग्नानंतरही घरात असेल, आणि तेव्हा त्याला आईच भाकरी घालीत असेल. आईला आधी विचारा.

आपल्या कॅथलिक बायबलमध्ये तोबितचा ग्रंथ आहे. आपल्या इतर ख्रिस्ती बांधवांच्या छापील बायबलमध्ये तो सहसा नसतो. आंधळ्या तोबितचा मुलगा तोबिया दूरच्या प्रवासाला निघतो. सोबतीला राफाएल देवदूत आहे, पण तो देवदूत आहे हे घरच्यांना ठाऊक नाही. आणि त्यांच्याबरोबर घरचे कुत्रेही निघते. पुढे मासा, लग्न, पैसे, औषध, कितीतरी घडते. त्या कशातच कुत्र्याचा काही भाग नाही. परतीच्या वाटेवर लिहिणाऱ्याला ते पुन्हा आठवते: कुत्रे त्यांच्यामागून येत होते. बस्स. ते जाताना बरोबर होते आणि येताना बरोबर होते, एवढ्यासाठी पवित्र ग्रंथात त्याची दोनदा नोंद झाली.

आणि ह्याच दिवसांत, १६ ऑगस्टला, संत रॉकचा सण येतो. चौदाव्या शतकातले हे संत फ्रान्समधील माँपेलिएचे. घरचे वैभव सोडून यात्रेकरू होऊन इटलीत गेले आणि प्लेगच्या रोग्यांची सेवा करू लागले. शेवटी त्यांनाच गाठ आली. आपल्यामुळे कोणाला लागण नको म्हणून ते पिआचेन्झा गावाबाहेरच्या रानात जाऊन पडले. परंपरा सांगते, की तेथे एक कुत्रे रोज तोंडात भाकर धरून येई आणि त्यांची जखम चाटी. म्हणून त्यांच्या पुतळ्यात पायाशी कुत्रे दाखविलेले असते. ते कुत्रे जवळच राहणाऱ्या गोथार्ड नावाच्या श्रीमंत माणसाचे. धन्याच्या मेजावरची भाकर ते उचलून नेई. हे रोज भाकर नेते तरी कोणासाठी, म्हणून एके दिवशी गोथार्ड जेवणावरून उठला आणि त्याच्यामागून चालू लागला. कुत्रे पुढे, तो मागे, असे ते रानात शिरले. तेथे रॉक एकटेच पडून होते.